माणदेशात नवीन आलात? आधी घोळ ओळखायला शिका

कोकणातून बदली होऊन आटपाडी, जत, दहिवडीकडे येणाऱ्यांची पहिली तक्रार पालेभाजीची असते. टाकळा-भारंगी आता विसरा. इथे वर्षाचा पाऊस जेमतेम पाचशे मिलिमीटर. पण बाजरीच्या रानात, बांधाच्या कडेला घोळ ही रानभाजी सापडते, आणि पावसाने ओढ दिली तरी ती तग धरते.

घोळ जमिनीलगत पसरते. देठ गुळगुळीत, लालसर, रसरशीत. पान जाड, बिनलवेचं, देठाकडे निमुळतं आणि टोकाला गोल. शेंड्याशी पानांचा झुबका. फूल पिवळं, ऊन चढल्यावर उमलतं. बोंडाचं वरचं टोपण अलगद निघतं आणि आत काळं बारीक बी दिसतं.

तोडण्याआधी प्रत्येक झाडाचा देठ मोडून बघा. पांढरा चीक आला तर ती दुधी नावाचं तण. तीही अशीच पसरते, घोळीत मिसळूनच उगवते, आणि तिच्या चिकाने तोंड-पोट बिघडतं. घोळीतून नितळ पाणीच येतं. दुसरा फसवा म्हणजे खापरा. त्याला चीक नसतो, म्हणून इथे जुनी माणसंही गडबडतात. त्याची पानं समोरासमोर येतात, जोडीतलं एक मोठं, एक लहान. फूल पांढरं किंवा गुलाबी. शंका आली तर फूल येईपर्यंत थांबा.

सगळ्यात लुसलुशीत घोळ द्राक्ष-डाळिंबाच्या बागेत ठिबकखाली दिसेल. ती घेऊ नका. बागेवर फवारण्या सतत चालू असतात आणि नुकतं तणनाशक मारलेली घोळ दोन दिवस टवटवीतच दिसते. दुसऱ्याच्या रानात मालकाला विचारून शिरा, फवारणीचंही तेव्हाच विचारा.

पहाटे तोडलेली घोळ जास्त आंबट लागते, कारण कोरड्या दिवसांत ती रात्री आम्ल साठवते आणि दिवसा वापरते. आंबट नको असेल तर दुपारनंतर तोडा.

मुळं रानातच छाटा, नाहीतर माती घरी येते. मोठ्या पातेल्यात तीन-चार पाण्यांनी धुवा. भाजी वर उचलून घ्या, पाणी ओतू नका, खाली बसलेली वाळू परत चढते. पाव किलो घोळीला अर्धी वाटी शिजलेली मूगडाळ, लसूण-मिरचीची फोडणी, दहा मिनिटं पुरे. जास्त शिजली की बुळबुळीत होते. मीठ शेवटी, कारण भाजी शिजून निम्मी होते. घोळीत ऑक्झलेट भरपूर, त्यामुळे मुतखडा असलेल्यांनी ती टाळावी. इतरांनी सोबत ताक घ्यावं.