फ्रीबीएसडी करंट सोर्सवरून बांधताना: आधी कर्नेल बसवा, मग वर्ल्ड

फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमची ‘करंट’ ही विकासशाखा सोर्सवरून (मूळ संहितेवरून) बांधायची असेल, तर गिट या सोर्स-साठ्यातील ‘मेन’ शाखा ‘यूएसआर-एसआरसी’ डिरेक्टरीत उतरवून घ्यावी आणि मेक हे बांधणीचे साधन चालवण्यापूर्वी तेथील ‘अपडेटिंग’ ही फाइल अवश्य वाचावी. तिच्यात सर्वांत नवी नोंद वर असते. आपली प्रणाली ज्या तारखेच्या सोर्सवरून बांधली आहे, तिथपर्यंत खाली वाचत जावे.

त्यानंतर ‘मेक बिल्डवर्ल्ड’ आणि ‘मेक बिल्डकर्नेल’ या आज्ञा द्याव्यात. पहिली वर्ल्ड, म्हणजे कर्नेल सोडून बाकीची मूळ प्रणाली, बांधते; दुसरी कर्नेल, म्हणजे प्रणालीचा गाभा, बांधते. वर्ल्डमध्ये क्लँग कंपायलरही नव्याने बांधला जात असल्याने जुन्या लॅपटॉपवर काही तास सहज जातात. करंटच्या जेनेरिक (मूळ मांडणीच्या) कर्नेलमध्ये विटनेस आणि इनव्हेरिअंट्स या दोष पकडणाऱ्या तपासण्या चालू असतात, त्यामुळे यंत्र मंदावते. वेग हवा असल्यास या तपासण्या नसलेले ‘जेनेरिक-नोडीबग’ घ्यावे; परंतु दोष शोधून कळवणे हाच करंट वापरण्याचा खरा उपयोग असल्याने मी तपासण्या चालूच ठेवतो.

कोल्हापुरात पावसाळ्यात वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो. बिल्ड चालू असताना ती गेली तरी फारसे बिघडत नाही, कारण चालू प्रणालीला तोवर हात लागलेला नसतो. इन्स्टॉलवर्ल्डची, म्हणजे बांधलेले वर्ल्ड चालू प्रणालीवर बसवण्याची, गोष्ट वेगळी आहे. गेल्या आषाढात राजारामपुरीतल्या माझ्या खोलीत नेमकी त्याच्या मध्यावर वीज गेली आणि काही लायब्ऱ्या नव्या, काही आज्ञा जुन्या अशा अवस्थेत यंत्र लॉगिनपर्यंतही पोचेना. लोडरच्या (यंत्र सुरू होताना दिसणाऱ्या) मेनूतून आदल्या दिवशीचे बूट एन्व्हायर्न्मेंट, म्हणजे प्रणालीची जपून ठेवलेली प्रत, निवडले, म्हणून निभावले. म्हणून रूट (मुख्य फाइल-प्रणाली) झेडएफएस या प्रकारची असेल तर बिल्ड संपल्यावर आणि काहीही बसवण्यापूर्वी अशी प्रत करणारी ‘बीईसीटीएल क्रिएट’ ही आज्ञा द्यावी. यूएफएस या दुसऱ्या प्रकारावर पूर्ण बॅकअप घ्यावा. यूपीएसशिवाय पुढे जाऊ नये.

आता ‘मेक इन्स्टॉलकर्नेल’ करून यंत्र सिंगल-यूझर मोडमध्ये (दुरुस्तीसाठीच्या किमान अवस्थेत) रीबूट करावे. हा मधला रीबूट पुष्कळ जण वेळखाऊ म्हणून टाळतात, ते चूक आहे. नवा कर्नेल जुने प्रोग्रॅम चालवू शकतो. पण नव्या प्रोग्रॅमना लागणारे सिस्टिम कॉल (कर्नेलकडे करायच्या विनंत्या) जुन्या कर्नेलमध्ये असतीलच असे नाही. नवा कर्नेल उठलाच नाही, तर जुना ‘कर्नेल-डॉट-ओल्ड’ या नावाने शिल्लक असतो. ग्राफिक्सचे डीआरएम मॉड्यूल मात्र नव्या कर्नेलसाठी पुन्हा बांधेपर्यंत आरसी-कॉन्फ या सेटिंग फाइलीतून बंद ठेवावे.

कर्नेल नीट चालला की रूट लिहिण्याजोगे माउंट करून अनुक्रमे ‘ईटीसीअपडेट -पी’, ‘मेक इन्स्टॉलवर्ल्ड’ आणि ‘ईटीसीअपडेट -बी’ चालवावे. ईटीसीअपडेट आपल्या सेटिंग फाइलींत नव्या आवृत्तीतले बदल मिसळते. आपले व नवे बदल यांत विरोध उद्भवल्यास ‘ईटीसीअपडेट रिझॉल्व्ह’ दोन्ही बाजू तिरक्या कंसांच्या खुणांमध्ये दाखवते. खात्यांची नोंद असलेल्या मास्टर-पासवर्ड फाइलीत अशा खुणा दिसल्या तर घाई करू नये. चुकीची बाजू ठेवल्यास आपलेच खाते नाहीसे होते.

पुन्हा रीबूट केल्यावर ‘यूनेम -के’ आणि ‘यूनेम -यू’ यांचे (अनुक्रमे कर्नेल व वर्ल्डच्या आवृत्तीचे) आकडे जुळतात का ते पाहावे. जुळले की निरुपयोगी जुन्या फाइली काढणारे ‘मेक डिलीट-ओल्ड’ करावे; जुन्या लायब्ऱ्या काढणारे ‘डिलीट-ओल्ड-लिब्स’ मात्र सर्व पॅकेजेस नव्याने बसवून झाल्यावरच चालवावे.