मोबाईल शाळेत येऊ द्या, वर्गात नको: नियम बसवायची रीत

मोबाईल आणू द्यायचा की नाही, यावर पालकसभेत तासभर वाद होतो आणि शेवटी फळ्याशेजारी ‘मोबाईल आणण्यास सक्त मनाई’ असा कागद चिकटतो. खान्देशातल्या ग्रामीण हायस्कूलांत तो कागद फार दिवस टिकत नाही. चोपडा, यावल, शिरपूर, शहादा इथल्या शाळांत आसपासच्या खेड्यांतली मुलं एसटीने येतात. संध्याकाळची गाडी चुकली, तर घरी कळवायचं कसं? धडगाव-अक्कलकुव्याकडची कित्येक आईबापं ऊसतोडीला गुजरातेत जातात; मागे राहिलेल्या पोराशी त्यांचं बोलणं मोबाईलवरच होतं. अशा मुलांना पूर्ण बंदी सांगितली तरी फोन येतोच, फक्त मोज्यात किंवा डब्याच्या पिशवीत लपून येतो.

मोकळं सोडणंही परवडत नाही. एकदा लक्ष उडालं की पुन्हा अभ्यासात रुळायला २० मिनिटांपर्यंत लागू शकतात, असं युनेस्कोच्या २०२३ च्या शिक्षण अहवालात म्हटलं आहे. आपला तास ३५-४० मिनिटांचा. म्हणजे एका मेसेजमागे निम्मा पिरियड बुडाला.

म्हणून फोन शाळेत येईल, पण सुटेपर्यंत बंद आणि जमा राहील, हा नियम धरा. तो चालेल की फसेल, हे सकाळच्या आणि संध्याकाळच्या दहा-दहा मिनिटांवर ठरतं.

आधी मोजा, मग पेटी करा

जूनमध्ये शाळा उघडली की पहिल्या आठवड्यात प्रत्येक वर्गात बिननावाच्या चिठ्ठ्या वाटा: फोन आणता का, कशासाठी, किती वाजताच्या गाडीने जाता. हात वर करायला सांगाल तर खरा आकडा कधीच मिळणार नाही.

नंतर पालकांची सभा. ती बाजाराच्या दिवशी ठेवा, शेतीच्या ऐन हंगामात नको; मजुरी बुडवून कोणी येत नाही. संमतीपत्रावर फोनची कंपनी, रंग आणि आयएमईआय क्रमांक (फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक) लिहून घ्या. स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश डायल केलं की १५ आकडी क्रमांक दिसतो. दोन सिमच्या फोनला दोन येतात, दोन्ही लिहा. फोन हरवला तर पोलिसांत तक्रार देऊन ‘संचार साथी’ या सरकारी पोर्टलवर तो बंद करून घ्यायला हाच क्रमांक लागतो. ‘फोनची जबाबदारी शाळेची नाही’ हे वाक्य मात्र टाकू नका. आपण ताब्यात घेतलेल्या वस्तूबद्दल असं लिहिलं की पालक पोराला सांगतात, जमा करू नको, दप्तरातच ठेव.

चाळीस फोनांची पेटी गावातला सुतार करून देतो. बाहेरून १२ मिलिमीटर प्लाय, आतल्या पट्ट्या ४ मिलिमीटरच्या. प्रत्येक कप्पा साडेनऊ सेंटिमीटर रुंद, २ सेंटिमीटर जाड आणि १४ सेंटिमीटर खोल. चार ओळी, ओळीत दहा कप्पे. पेटी साधारण ४२ बाय २६ सेंटिमीटरची होते. खोली मुद्दाम कमी ठेवायची, म्हणजे उभ्या फोनचं डोकं बाहेर राहतं आणि रिकामा कप्पा झटक्यात दिसतो. झाकणाखाली आतली उंची १९ सेंटिमीटर तरी हवी, नाहीतर लांब फोनची काच झाकणाला टेकते. भरल्यावर वजन दहा किलोच्या वर जातं, म्हणून दोन्ही बाजूंना कड्या लावा आणि दोघांनी उचलायची सवय ठेवा.

कप्प्याचा क्रमांक मुलाला वर्षभरासाठी ठरवून द्या आणि तोच फोनच्या कव्हरवर चिकटवा. रोज नवा क्रमांक दिला की अदलाबदल झालीच समजा.

जमा आणि परत

संपूर्ण शाळेचे फोन ऑफिसच्या एका खिडकीवर घेऊ नका. एका फोनला दहा सेकंद धरले तरी तीनशे फोनांना ५० मिनिटं लागतात. वर्गावर चाळीस फोन सात मिनिटांत होतात. हजेरीच्या आधी वर्गशिक्षकांनी पेटी टेबलावर ठेवायची आणि मुलाने समोर उभं राहून फोन बंद करायचा. सायलेंट चालत नाही. अलार्म वाजतात आणि व्हायब्रेशनने लाकडी पेटी खडखडत राहते.

समोर बंद करायला लावण्यात आणखी एक हेतू आहे. घरातला मेलेला जुना फोन पेटीत टाकायचा आणि चालू फोन दप्तरात ठेवायचा, ही युक्ती दुसऱ्याच आठवड्यात निघते. स्क्रीन पेटल्याशिवाय फोन घ्यायचा नाही, एवढं पाळलं की ती बंद पडते. स्मार्टवॉचही याच पेटीत.

वहीत तारीख, कप्पा क्रमांक, जमा सही आणि परत सही, एवढे चार रकाने पुरेत. पेटी ऑफिसच्या कपाटात कुलपात. दोन किल्ल्या करा. एकच किल्ली असलेले सर नेमके शनिवारी रजेवर असतात. एप्रिलमध्ये सकाळची शाळा असली तरी पत्र्याच्या खोलीत किंवा उन्हाच्या खिडकीपाशी पेटी नको. जळगाव-भुसावळच्या उन्हात लिथियमची बॅटरी फुगते. शाळेत चार्जिंगला साफ नकार द्या. एका बोर्डावर पाच चार्जर लटकले की भांडणही होतं आणि वायरही तापते.

नियम मोडतो तो बहुधा परत देताना. घंटा झाल्यावर वाटप सुरू केलं, तर एसटीची मुलं फोन सोडून गाडीमागे पळतात आणि दुसऱ्या दिवसापासून जमाच करत नाहीत. शेवटच्या तासाला दहा मिनिटं असताना पेटी वर्गात आणा. आधी सर्वांत लवकरच्या गाडीची मुलं, मग मानव विकास योजनेच्या निळ्या बसने जाणाऱ्या मुली, गावातली शेवटी.

घरचा निरोप आणि सवलत

दिवसभर फोन बंद म्हटल्यावर पालकांना पर्याय हवा. ऑफिसचा एक क्रमांक ओळखपत्रावर छापा, निरोपाची वही ठेवा, आणि निरोप मधल्या सुट्टीत मुलापर्यंत पोहोचलाच पाहिजे. एकदा ‘आजी दवाखान्यात’ हा निरोप वहीतच राहिला, की पालक शाळेच्या नंबरवर पुन्हा विसंबत नाहीत. मधुमेहाच्या मुलाचा साखर मोजणारा सेन्सर फोनला जोडलेला असू शकतो. तशांना लेखी सवलत द्या आणि सगळ्या शिक्षकांना कळवा.

चोरून वापरताना सापडला तर

पहिल्यांदा फोन पेटीत टाका, डायरीत नोंद करा आणि त्याच दिवशी परत द्या. दुसऱ्यांदा पालकांना बोलवा, पण मजुरीवरून परतल्यावर येता येईल अशी वेळ द्या. महिनाभर फोन अडकवून ठेवू नका. अनेक घरांत तो एकटाच फोन असतो आणि बँकेचा ओटीपीही त्यावरच येतो. दंड घेऊ नका, फोन आपटू नका. मारणं आणि मानसिक छळ या दोन्हींना २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने मनाई केली आहे.

फोन उघडून गॅलरी चाळणं तर मुळीच नको. एखाद्या मुलीचा आक्षेपार्ह फोटो फिरतोय अशी तक्रार आली, तर फोन बंद करून मुख्याध्यापकांसमोर पाकिटात सील करा, पाकिटावर शिक्षक आणि मुख्याध्यापक दोघांच्या सह्या घ्या, पालकांना बोलवा आणि १०९८ या बालमदत क्रमांकावर किंवा पोलिसांना कळवा. ‘पुरावा’ म्हणून तो फोटो स्वतःच्या मोबाईलवर घेणारा शिक्षक स्वतःच गुन्ह्यात अडकू शकतो.

शिक्षकांचा फोन

वर्गात सरांनी रील बघायची आणि पोरांनी पेटी भरायची, हे चालत नाही. शिक्षकांचा फोनही तासाला बंद. धड्यासाठी लागला तर अपवाद: बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड ‘दीक्षा’ ॲपवर आदल्या रात्री उघडून व्हिडिओ उतरवून ठेवा, सातपुड्यात ऐनवेळी रेंज मिळेल या भरवशावर राहू नका. गृहपाठ मात्र व्हॉट्सॲपवर टाकू नका, फळ्यावरच लिहून द्या. नाहीतर दिवसा काढून घेतलेला फोन रात्री शाळाच पोराच्या हातात देते.

दहावी-बारावीच्या मुलांना परीक्षेच्या बऱ्याच आधी सांगा की बोर्डाच्या परीक्षा दालनात मोबाईल चालत नाही आणि केंद्रावर आपली पेटी नसणार. परतीच्या गाडीची सोय तेव्हाच पालकांशी बोलून ठरवा.