कोकणात पक्षी बघायचे तर आधी तिथी बघा

कोकणात पक्षी बघायला येणारे बरेच जण घाटावरची सवय घेऊन येतात, म्हणजे पहाटे पाचला उठायचं, सहाला स्पॉटवर, नऊपर्यंत बघायचं आणि मग घावणे कुठे मिळतात ते शोधायचं. जंगलात हे ठीक आहे पण खाडीवर आणि पुळणीवर, म्हणजे वाळूच्या किनाऱ्यावर, पक्षी घड्याळावर चालत नाहीत, पाण्यावर चालतात. मी रत्नागिरीची, कोणी फोन करून विचारलं की कधी येऊ, तर मी पहिलं कालनिर्णय काढते आणि तिथी बघते.

हे मला शिकवलं भाट्याच्या एका रापणवाल्या काकांनी (रापण म्हणजे काठावरून ओढायचं मोठं जाळं). नवीन दुर्बीण घेतली होती, काजळी नदी समुद्राला मिळते तिथे तोंडाशी उभी होते, पूर्ण ओहोटी लागलेली आणि सगळे पक्षी पार गाळाच्या टोकाला, नुसते हलणारे ठिपके. काका म्हणाले, "आता काय दिसणार गो तुला? पाणी चढायला लागलं की ये, पाणीच आणून देईल समोर." आणि मग त्यांनी तिथीचं गणित सांगितलं जे कोळीवाड्यात पोराटोरांना पण पाठ असतं.

तिथीची पाऊणपट करायची, बस. म्हणजे तिथीला ३ ने गुणायचं, ४ ने भागायचं, येईल त्या वाजण्याच्या आसपास पूर्ण भरती. अष्टमीला ६, म्हणजे सकाळी सहा आणि परत संध्याकाळी सहाच्या सुमाराला. एकादशीला सव्वाआठ. पौर्णिमा-अमावस्येला पंधरा धरायचे, सव्वाअकरा. शुद्ध असो वा वद्य, हिशोब एकच. भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो आणि खाडीत जितकं आत जाल तितकी भरती उशिरा पोचते, त्यामुळे निघायच्या आधी मोबाईलवर त्या बंदराचं भरतीचं टेबल बघून घ्याच, पण ट्रिप कुठल्या आठवड्यात ठेवायची हे ठरवायला पाऊणपट पुरते.

आता याचा उपयोग कसा करायचा ते सांगते. भरती पूर्ण व्हायच्या आधीचे दोन तास सगळ्यात चांगले, कारण पाणी गाळ खात खात वर येतं आणि चिखलात टोचणारे पक्षी त्याच्या पुढे पुढे सरकत तुमच्याकडे येतात, तुम्ही फक्त शांत बसून राहायचं, चालत त्यांच्याकडे जायचं नाही. आणि आपला किनारा पश्चिमेला तोंड करून आहे, म्हणजे सकाळी सूर्य पाठीमागून येतो, पक्ष्यांवर छान उजेड पडतो, संध्याकाळी मात्र समोरून डोळ्यांत ऊन आणि सगळे पक्षी काळे दिसतात. सकाळी चढतं पाणी आणि पाठीवर ऊन हे दोन्ही जुळतं ते एकादशी ते पौर्णिमा किंवा अमावस्या या दिवसांत. मी बाहेरच्या लोकांना हेच चार-पाच दिवस सुचवते. भांगाला, म्हणजे अष्टमी-नवमीच्या आसपास, पाणी धड चढत नाही धड उतरत नाही, गाळाचा पट्टा बराच वेळ उघडा राहतो आणि पक्षी पांगलेले असतात, त्या दिवशी कांदळवन किंवा सडा, म्हणजे कातळाचा माळ, करावा.

उधाणाला, म्हणजे पौर्णिमा-अमावस्येच्या आसपास, गाळ पूर्ण बुडतो आणि मग सगळे जण वाळूच्या दांड्यावर नाहीतर कातळावर एकत्र येऊन बसतात. मोजणी करायची तर तेव्हा करा. पण हे थवे उडवू नका, प्लीज. त्यांना बसायला तेवढीच कोरडी जागा उरलेली असते, ते काही आपल्यासाठी पोज देत नसतात, दमून टेकलेले असतात, पुढे हजारो किलोमीटर परत जायचंय त्यांना. थवा एकसाथ उडाला तर व्हिडिओ सुंदर येतो हे मला मान्य आहे, तरी नको. कुत्रा बरोबर असेल तर पट्टा लावा.

सीझन म्हणाल तर चिखलपक्षी ऑगस्ट-सप्टेंबरपासून यायला लागतात, कुरव (सीगल) नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत धरा. जागा अनेक आहेत, अलिबागजवळ आक्षी, दापोलीकडे केळशी आणि आंजर्ले, मग गुहागर, आमच्याकडे भाट्ये आणि काळबादेवी, मालवणात आचरा आणि कोळंब. खरं तर नकाशावर जिथे नदीचं तोंड दिसेल तिथे उतरा, निराश होणार नाही. हर्णै बंदरावर मासळीचा लिलाव चालू असतो तेव्हा ब्राह्मणी घारी आणि कुरव डोक्यावरून फिरत असतात, आणि कुठेही रापण ओढताना दिसली की थांबा, जाळं काठाला यायला लागलं की कुरव सुरय बगळे सगळे हजर. रापणीच्या मध्ये मात्र उभं राहू नका, त्या माणसांचं पोट आहे ते, आधी विचारा, दोरीला हात लावलात तर जास्तच छान, मग तेच सांगतात कुठे काय दिसलं.

ओळखायला नवीन लोक अडतात ते ठरलेल्या चार-पाच ठिकाणी. पुळणीवर तुरुतुरु पळणारे छोटे चिखले असतात त्यात मानेमागे पांढरी पट्टी पूर्ण असेल तर केंटिश, नसेल तर सँड प्लव्हर. (पूर्वी लेसर सँड प्लव्हर म्हणायचो त्याच्या आता दोन जाती केल्यात, आपल्याकडचा तो तिबेटन, जुन्या पुस्तकात हे सापडणार नाही.) लांब वाकड्या चोचीचे दोघे, डोक्यावर पट्टे असतील तर व्हिंब्रेल, डोकं साधं आणि चोच खूपच लांब तर करल्यू. कुरवांमध्ये थंडीत काळ्या डोक्याच्याचं डोकं काळं नसतं आणि तपकिरी डोक्याच्याचं तपकिरी नसतं, दोघांच्याही कानाशी नुसता डाग, त्यामुळे उडताना पंखाचं टोक बघा, काळ्या टोकात पांढरे ठिपके असतील तर तपकिरी डोक्याचा. सगळ्यात मोठा, पिवळ्या चोचीला टोकाशी काळा-लाल पट्टा, तो पलासचा कुरव. सुरय म्हणजे सडपातळ, टोकदार पंखांचे, पाण्यावर सूर मारणारे, त्यात गाजरासारखी लालभडक जाड चोच दिसली तर कॅस्पियन. आणि राखाडी-काळा बगळा, गळ्याशी पांढरा, कातळावर एकटा उभा असेल तर समुद्र बगळा, त्याचंच पांढरं रूप पण असतं आणि ते छोट्या बगळ्यात मिसळून जातं, तिथे चोच बघायची, समुद्र बगळ्याची जरा जाड आणि पिवळसर. कुणाच्या पायात रंगीत फ्लॅग (अभ्यासकांनी लावलेली खुणेची पट्टी) दिसला तर बाकी सगळं सोडून त्याचा फोटो काढा, अक्षरं-आकडे वाचता आले पाहिजेत, आणि बीएनएचएसला (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) कळवा, तो पक्षी कुठून आला ते त्यावरून कळतं.

समुद्री गरुड बघायचा तर वर बघत राहा. पांढरं पोट, राखाडी पाठ, आखूड पाचरीसारखी शेपटी, आणि तरंगताना पंख व्ही आकारात वर उचललेले. किनाऱ्याजवळच्या उंच सुरूवर नाहीतर जुन्या आंब्यावर याचं काटक्यांचं भलंमोठं घरटं असतं आणि जोडी वर्षानुवर्षं तेच घरटं डागडुजी करून वापरते. म्हणजे एक झाड तोडलं की नुसतं एका वर्षाचं नाही, पुढचं सगळंच जातं. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्रने या घरट्यांसाठी खूप काम केलंय. तुमच्या वाडीत घरटं असेल तर झाडाच्या मालकाशी बोला, कौतुक करा, बऱ्याच मालकांना आपल्या झाडावर काय आहे याचा अभिमान असतो.

कांदळवनात होडी मिळाली तर उत्तम, नाहीतर जेटीवर किंवा साकवावर बसा. काळ्या डोक्याचा खंड्या, घोंगी खंड्या, ऑस्प्रे. इथे बूट जुने घाला पण घालाच, कालवांनी (कातळाला चिकटलेल्या शिंपल्यांनी) पाय कापतो तो लवकर भरत नाही, आणि गाळात अनोळखी ठिकाणी उतरू नका, कमरेपर्यंत रुतायला वेळ लागत नाही.

सडा हा लोक विसरतातच. रत्नागिरी, राजापूर, देवगडचे हे कातळाचे माळ गाडीतून उजाड दिसतात, पण तिथे चंडोल आहेत, थंडीत भोवत्या घिरट्या घालतो, संध्याकाळी रातवा. माळटिटवी मार्चपासून पावसापर्यंत उघड्या कातळावर अंडी घालते, रंग असा की पायाखाली आली तरी कळत नाही, त्यामुळे टिटवी ओरडत डोक्यावर फिरायला लागली तर आल्या पावली मागे फिरा आणि सड्यावर गाडी घालू नका.

पाऊस लागला की किनारा बंद आणि रान सुरू. मेच्या शेवटाला नवरंग येतो, पहाटे आणि तिन्हीसांजेला दोन सुरांची शीळ, दिसण्याआधी ऐकूच येतो. वहाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, काठी शीळकरी कस्तुर. आणि तिबोटी खंड्या, ज्याच्यासाठी लोक जूनपासून कर्नाळ्याला रांग लावतात. पायाला तीनच बोटं म्हणून तिबोटी, मुठीत मावेल एवढा जीव, मातीच्या दरडीत बीळ करतो आणि पिल्लांना पाली-सापसुरळ्या, खेकडे, बेडूक भरवतो. याच्या बाबतीत मला राग येतो ते सांगतेच, एका वर्षी एका वहाळावर फोटोवाल्यांचा ग्रुप बिळासमोर सात-आठ फुटांवर तासनतास बसला, नीट दिसावं म्हणून समोरच्या फांद्या पण तोडल्या, आणि पक्षी तोंडात पाल धरून मागच्या झाडावर थांबून राहिला, आत जाईना. ते घरटं वाया गेलं. घरट्यापासून लांब थांबा, पंधरा मिनिटं बघा, निघा. मोबाईलवर आवाज लावून बोलवायचं नाही. पक्षी चारा घेऊन घुटमळतोय म्हणजे तुम्ही जवळ आहात, दुसरा काही अर्थ नाही. धनेशाचं तर अजून नाजूक, मादी ढोलीत स्वतःला लिंपून घेते आणि नर भरवतो त्यावर ती आणि पिल्लं जगतात, नर बिचकला तर आत सगळे उपाशी.

त्यापेक्षा पावसात शांतपणे सुगरणी बघा ना, विहिरीवरच्या बाभळीला, माडाला टांगलेली घरटी, बघून मन भरत नाही. सलीम अलींनी १९३० साली अलिबागजवळ किहीमला राहून सुगरणींचाच अभ्यास केला होता आणि नर एकामागून एक घरटी बांधतो, प्रत्येक घरट्याला वेगळी मादी, हे त्यातूनच पुढे आलं.

सामान फार लागत नाही, ८×४२ ची दुर्बीण, खाडीवर जमलं तर कोणाचा तरी स्पॉटिंग स्कोप. खाऱ्या वाऱ्याने काचेवर मीठ बसतं, ते सुकं पुसू नका, चरे पडतात, आधी फुंकर मग ओलसर मऊ कापड. पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून घट्ट डब्यात ठेवा नाहीतर बुरशी धरलीच.

जून ते ऑगस्ट वादळी वारा झाला की दुसऱ्या दिवशी पुळणीवर चक्कर मारा. खोल समुद्रातले बूबी, लगामी सुरय, शिअरवॉटर दमून किनाऱ्याला पडतात. असा पक्षी मिळाला तर परत पाण्यात सोडू नका, लोक भाबडेपणाने तेच करतात आणि तो बुडतो. टॉवेल टाकून हळूच उचला, चोच लांब ठेवा, बूबी डोळ्यावर मारतो, भोकं पाडलेल्या खोक्यात अंधारात ठेवा, तोंडात पाणी ओतू नका, मासा कोंबू नका, आणि वनविभागाला १९२६ वर फोन करा.

नोंद ई-बर्डवर (पक्ष्यांच्या नोंदींची वेबसाईट) टाका, पण घरट्याची नेमकी जागा कुठेच लिहू नका, ग्रुपवर पण नाही, गावाचं नाव पुरे. आणि स्वतःच्या वहीत तारखेबरोबर तिथी आणि पाणी चढतं होतं का उतरतं ते लिहा. माझ्या वहीत एका पानावर आहे, भाट्ये, माघ शुद्ध द्वादशी, चढतं पाणी, कालवफोड्या चार. पुढच्या महिन्यात द्वादशीलाच परत गेले, त्याच कातळावर तीन होते.