घरगुती मसाल्याचा धंदा आणि सोशल मीडिया : आमच्याकडून झालेल्या या चुका तुम्ही टाळा

पहिल्या वर्षी कांदा-लसूण मसाल्याचा फोटो टाकला आणि तासाभरात एका ताईंची कमेंट आली, "रंग घातलाय का यात?" इतकं वाईट वाटलं की विचारू नका, कारण आम्ही रंगासाठी ब्याडगी मिरची वापरतो, तिखटासाठी संकेश्वरी आणि थोडी लवंगी, देठं हातानं खुडतो, खोबरं-धने-तीळ सगळं घरी भाजतो आणि समोर उभं राहून डंकावर कुटून आणतो. पण नंतर फोटो नीट बघितला तेव्हा कळलं की ताईंचं काही चुकलं नव्हतं, मोबाईलमध्ये फिल्टर लावल्यामुळे मसाला कुंकवासारखा लालभडक दिसत होता.

मी आणि माझ्या जाऊबाई कराडकडं हा धंदा करतो. उन्हाळ्यात मसाला, पापड, कुरडया, आणि दिवाळीला फराळ. माणसं आम्ही दोघीच, मोबाईल दोन, जाहिरातीला महिन्याला फार तर हजार रुपये. तुमचंही साधारण असंच असेल तर हे वाचा, कारण मोठ्या कंपन्यांसाठी लिहिलेले सल्ले आपल्याला उपयोगी पडत नाहीत, आपल्याकडं वेळच नसतो.

फोटो सुंदर, पण माल वेगळा

खाण्याच्या वस्तूला फिल्टर नको. सकाळी खिडकीजवळ, ट्यूबलाइट बंद करून, पांढऱ्या ताटलीत मसाला ठेवून फोटो काढा, आणि त्याआधी मोबाईलची लेन्स पदराला पुसा, अर्ध्या फोटोंचा धुरकटपणा तिथंच जातो. गुगलवरून उचललेला फोटो तर कधीच नको, कारण गिऱ्हाईक पाकीट उघडतं तेव्हा त्याच्या डोक्यात तो फोटो असतो. व्हिडिओ उभा काढा. आणि रीलवर गाणं टाकायची घाई करू नका, बिझनेस अकाउंटला बरीच चालू गाणी मिळतच नाहीत, कुठून तरी जोडलं तर आवाज बंद केला जाऊ शकतो. आमची सगळ्यात जास्त चाललेली रील म्हणजे डंकाचा धाड धाड आवाज आणि जाऊबाई पदर नाकाला लावून मसाला चाळतायत, बास. खाली मराठीत दोन ओळी लिहिल्या होत्या कारण बरेच लोक आवाज बंद ठेवून बघतात.

"किंमत इनबॉक्समध्ये"

ही चूक आम्ही जवळजवळ वर्षभर केली. वाटायचं, किंमत लिहिली तर लोक पळतील, आधी बोलू मग सांगू. होतं उलटंच. ज्याला घ्यायचंय तो रात्री जेवल्यावर मोबाईल बघत असतो, त्याला तेव्हाच कळायला पाहिजे की अर्धा किलो केवढ्याला, कुरिअर वेगळं का धरून, तिखट किती, किती दिवसांत पोचेल. नाही कळलं तर तो पुढं सरकतो आणि परत येत नाही. आता प्रत्येक पोस्टखाली वजन, किंमत, कुरिअर आणि व्हॉट्सअ‍ॅप नंबर असतो. खाण्याचा धंदा असेल तर एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारी अन्नसुरक्षा नोंदणीचा, 14 आकडी नंबरही टाका, लोक विचारतात. आणि मसाल्यानं अमुक आजार बरा होतो असलं काही लिहू नका, ते कायद्यातही बसत नाही आणि खरंही नसतं.

कॅप्शनची लिंक दाबता येत नाही हे आम्हाला फार उशिरा कळलं! इन्स्टाग्रामला पोस्टखाली लिंक टाकली तरी ती नुसती अक्षरंच राहतात, लिंक बायोमध्ये, म्हणजे प्रोफाइलवर आपली माहिती असते तिथं, टाकावी लागते. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसमध्ये तुमच्या नंबरची शॉर्ट लिंक आणि क्यूआर फुकट मिळतो, तीच लिंक बायोत टाका म्हणजे माणसानं ती दाबली की तो थेट चॅटमध्ये येतो.

भाषेचंही सांगते. आम्ही पण सुरुवातीला इंग्रजीत काहीतरी भारी वाटणारं लिहायचो. आता "वर्षाचा मसाला" असं सरळ लिहितो, कारण आमच्याकडं बायका तेच म्हणतात. फक्त एक करा, वस्तूचं नाव देवनागरीत आणि रोमन लिपीत दोन्हीकडं लिहा, शोधणारे दोन्ही तऱ्हेनं टाइप करतात.

मेसेज पाठवला पण कुणाला मिळालाच नाही

ह्यावर जरा जास्त लिहिते कारण आमचा खरा धंदा इथूनच होतो. एका फेब्रुवारीत आम्ही व्हॉट्सअ‍ॅपवर जुन्या गिऱ्हाइकांची ब्रॉडकास्ट लिस्ट (एकच मेसेज सगळ्यांना वेगवेगळा जातो ती) केली आणि मसाल्याच्या ऑर्डरचा मेसेज टाकला. उत्तर आलं मोजक्याच जणांचं. आम्हाला वाटलं लोकांना मसाला आवडला नाही, जाऊबाई तर दोन दिवस गप्पच होत्या. मग एका जुन्या गिऱ्हाईक काकूंना सहज फोन केला तर त्या म्हणाल्या, "अगं मला मेसेजच नाही आला, मीच वाट बघत होते."

कारण साधं आहे. ब्रॉडकास्टचा मेसेज फक्त त्यांनाच जातो ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय. एका लिस्टमध्ये 256 जण बसतात, पण त्यातल्या ज्यांच्या मोबाईलमध्ये तुम्ही नुसता एक नंबर आहात त्यांना काहीच दिसत नाही. स्टेटसचंही तसंच, दोघांकडं एकमेकांचा नंबर सेव्ह असला तरच दिसतं, आणि ते 24 तासांत जातं.

आम्ही काय केलं, तर प्रत्येक पाकिटात हाताएवढी चिठ्ठी टाकायला लागलो. जाऊबाईंच्या अक्षरात लिहून झेरॉक्स काढलीये : "ताई, हा आमचा नंबर 'मसाला' नावानं सेव्ह करा, पुढच्या वर्षी मिरची घ्यायच्या आधी तुम्हाला विचारू." चिठ्ठीला खर्च जवळजवळ काहीच नाही. नवीन माणसाचा पहिला मेसेज आला की तेव्हाही हेच सांगतो. सगळ्यांना उचलून ग्रुपमध्ये मात्र टाकू नका, कुणाचाही नंबर त्याला न विचारता शंभर अनोळखी माणसांना दिसावा हे बरोबर नाही, आणि लोक चिडून ब्लॉक करतात. फार जणांनी ब्लॉक-रिपोर्ट केलं तर नंबरच बंद पडू शकतो, मग सगळंच गेलं.

व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसमध्येच लेबलं आहेत, क्विक रिप्लाय (आधी लिहून ठेवलेली उत्तरं) आहेत, कॅटलॉग (मालाची यादी) आहे, ते वापरा. "पैसे यायचे", "कुरिअर केलं" अशी लेबलं लावली तेव्हापासून ऑर्डर विसरणं बंद झालं. त्याआधी एका ताईंचे पैसे येऊन आठ दिवस झाले तरी पाकीट घरातच होतं, त्यांचा फोन आला तेव्हा काय बोलावं कळेना.

बूस्टचं बटण

पोस्ट टाकली की इन्स्टाग्राम म्हणतं बूस्ट करा, म्हणजे पैसे देऊन ती जास्त लोकांना दाखवा. आम्ही केलं, सगळं आपोआप सोडून. लाइक भरपूर आले, सगळे अशा गावांतनं जिथं आम्ही माल पाठवतच नाही. चूक आमचीच होती, ध्येय "प्रोफाइल बघणे" ठेवलं होतं आणि जागा निवडलीच नव्हती. आता ध्येय "मेसेज" ठेवतो आणि जागा सातारा, सांगली, कोल्हापूर, पुणे एवढीच. आणि आधी जी पोस्ट फुकटात चालली, जिच्यावर लोकांनी स्वतःहून भाव विचारला, तीच बूस्ट करतो.

हिशोब लाइकचा नको, ऑर्डरचा करा. जाहिरातीवर 18 टक्के जीएसटी असतो, म्हणजे खिशातनं हजार गेले तर जाहिरातीला लागतात साधारण 847. समजा 600 रुपये घातले, नऊ मेसेज आले, दोघांनी माल घेतला, तर एका ऑर्डरमागं 300 रुपये गेले. अर्ध्या किलो मसाल्यात तेवढा नफा आहे का तुम्हाला? नसेल तर थांबा, तेच पैसे जुन्या गिऱ्हाइकांना सँपलची छोटी पाकिटं पाठवायला घाला. विकत मिळणारे फॉलोअर तर लांबच ठेवा, ते मसाला खात नाहीत.

पेज आपलं, पासवर्ड दुसऱ्याकडं

फेसबुक पेज आमच्या पुतण्यानं त्याच्या मेलवरून काढून दिलं, मग त्याला बेंगळुरूला नोकरी लागली, मोबाईल बदलला, आणि तो मेल बंद. पेजवर अजून तीन वर्षांपूर्वीचा भाव दिसतो आणि लोक तो दाखवून भांडतात. पोरानं मदतच केली होती, पण धंद्यासाठी वेगळा मेल आधी काढायला पाहिजे होता. पेजवर घरातल्या किमान दोघांना पूर्ण अ‍ॅक्सेस द्या आणि टू-स्टेप व्हेरिफिकेशन (पासवर्डनंतर अजून एक कोड मागतं ते) चालू करा. "तुमचं पेज 24 तासांत बंद होणार, इथं क्लिक करा" असा मेसेज आला तर त्यातली लिंक दाबू नका, काही असलंच तर अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये जाऊन बघा.

पैशांचंही बघा. आमच्या ओळखीतल्या एका ताईंना फोन आला, सैन्यातून बोलतोय, कँटीनला 20 किलो पाहिजे, अ‍ॅडव्हान्स देतो, फक्त हा क्यूआर स्कॅन करून पिन टाका. गडबडीत त्यांनी टाकला आणि पैसे गेले. यूपीआयवर पैसे घ्यायला पिन लागतच नाही, पिन लागतो तो पैसे द्यायला. असं झालं तर लाज न धरता लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, जितकं लवकर तितकं बरं.

बाकी थोडक्यात. पाच अ‍ॅपवर एकदम जाऊ नका, व्हॉट्सअ‍ॅप आणि अजून एक पुरे. गुगलवर धंद्याची फुकट नोंद करा, घरचा पत्ता लपवता येतो. खोटे रिव्ह्यू नकोत. वाईट कमेंट आली तर पुसू नका, खाली नम्रपणे उत्तर द्या आणि मग फोन करा, बाकीचे लोक तुमचं उत्तर वाचत असतात.

आणि वेळ

मसाला तयार झाला की पोस्ट टाकायची, असं आम्ही करायचो. तोवर एप्रिल उजाडलेला आणि निम्म्या घरांनी वर्षाचा मसाला भरून ठेवलेला. फराळाचंही तेच, दसरा ते लक्ष्मीपूजन जेमतेम वीस दिवस असतात, त्यात तळायचं की पोस्ट करायच्या? आता दसऱ्याला आम्ही फराळाची ऑर्डर घ्यायला लागलेलो असतो, आणि फेब्रुवारीत मिरची बाजारात जायच्या आधी जुन्या गिऱ्हाइकांना एकच मेसेज जातो. जेवढे किलो सांगतात तेवढ्याचीच मिरची आणतो, वर पाच-सात किलो नवीन लोकांसाठी. मेसेज असा असतो : "नमस्कार काकू, मिरची घ्यायला निघालोय. गेल्या वर्षी तुमचा दोन किलो होता, मध्यम तिखट. यंदा तेवढाच करू का कमी-जास्त?"