माळ्याची झडप : मिनेसोटातील पहिल्या हिवाळ्यापूर्वीचे एक काम

मिनिआपोलिस आणि सेंट पॉलच्या परिसरात नुकतेच घर घेतलेल्या मंडळींना माझे आग्रहाचे सांगणे आहे की, ऑक्टोबर संपण्यापूर्वी माळ्यावर, म्हणजे ॲटिकमध्ये, जाण्यासाठी छतात ठेवलेली झडप एकदा नीट तपासावी. ती बहुधा एखाद्या कपाटाच्या छतात असते आणि आपल्याकडच्या स्लॅबच्या घरांत असे काही नसल्यामुळे तिच्याकडे लक्षच जात नाही.

झडप लहान असली तरी तिच्यातून होणारे नुकसान लहान नसते. समजा, माळ्याखालचे छत १,००० चौरस फुटांचे आहे, त्यावर आर-४९ इतके इन्सुलेशन, म्हणजे उष्णता अडवणारा थर, आहे, आणि ६ चौरस फुटांची झडप मात्र नुसत्या प्लायवूडची, म्हणजे जेमतेम आर-१ आहे. आर हा आकडा उष्णतेला होणारा अवरोध दाखवतो. क्षेत्रफळाला त्याने भागले की छतातून सुमारे २० आणि एकट्या झडपेतून ६ भाग उष्णता जाते, असे दिसते. एक टक्काही जागा न व्यापणारी झडप जवळजवळ पाव उष्णता घालवते, आणि यात फटींतून जाणारी हवा धरलेलीच नाही.

ती हवा अधिक त्रासदायक असते. घरातील उबदार हवा वर चढताना आंघोळीची, कुकरची आणि उकळत्या आमटीची वाफ सोबत नेते; ती वाफ छपराच्या थंडगार फळ्यांवर गोठते आणि ऊन पडल्यावर वितळून खाली छतावर डाग पाडते, पुढे बुरशीही धरते. शिवाय माळा तापल्याने छपरावरील बर्फ वितळतो, ते पाणी वळचणीला येऊन पुन्हा गोठते, तिथे बर्फाचा बांध तयार होतो आणि त्या बांधामागे साचलेले पाणी घरात झिरपते. म्हणून आधी हवा अडवावी, मग इन्सुलेशन वाढवावे. हा क्रम उलटू नये.

थंडीच्या दिवशी झडपेच्या कडेने पेटती उदबत्ती जपून फिरवावी. धूर जिथे ओढला जातो किंवा विस्कटतो तिथे फट आहे. चौकट आणि छत यांमधील सांधा कॉकने (caulk), म्हणजे फटी बुजवण्याच्या लुकणाने, भरावा. झडप ज्या पट्टीवर टेकते तिच्यावर फोमची वेदरस्ट्रिप, म्हणजे फट बुजवणारी मऊ पट्टी, कोपऱ्यांत खंड न पडू देता चिकटवावी आणि झडप तिच्यावर घट्ट दाबली जावी म्हणून आकड्या लावाव्यात. हलकी झडप केवळ स्वतःच्या वजनाने ही मऊ पट्टी दाबत नाही, आणि ही पायरी बरेच जण गाळतात.

त्यानंतर झडपेच्या वरच्या बाजूस दोन इंची फोम बोर्डाचे थर, फोमला चालणाऱ्याच गोंदाने, एकावर एक चिकटवावेत. पॉलिआयसो प्रकारच्या बोर्डाचे मूल्य इंचाला सुमारे आर-६ असते. थर उघडणीपेक्षा किंचित लहान कापावेत, नाहीतर झडप वर उचलताना अडकते. सुटे इन्सुलेशन खाली सांडू नये म्हणून उघडणीभोवती प्लायवूडचा उंच कठडा करावा. घडीची शिडी असल्यास तिच्यावर बसणारे इन्सुलेशनचे तयार झाकण मिळते.

माळ्यावर पाय फक्त तुळयांवर ठेवावा, मधल्या छताच्या पातळ जिप्सम बोर्डावर नाही, आणि मास्क लावावा. १९९० पूर्वीच्या घरात चकाकणारे, खड्यांसारखे दाणे पसरलेले दिसले, तर ते व्हर्मिक्युलाइट, म्हणजे खनिजाचे जुने इन्सुलेशन, असू शकते आणि त्यात फुप्फुसांना घातक असे ॲस्बेस्टॉस असू शकते. अशा वेळी काहीही न हलवता झडप बंद करावी आणि जाणकाराकडून तपासणी करून घेतल्यावरच पुढचे काम करावे.