फोनचा कॅमेरा कोण चालू करतंय, हे कसं शोधायचं

तुम्ही फोटो काढत नाही, व्हिडिओ कॉलवरही नाही, तरी स्क्रीनच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात हिरवा ठिपका दिसतोय? अँड्रॉइड १२ किंवा पुढचं असेल तर वरचा पडदा खाली ओढून ठिपक्यावर टॅप करा, कॅमेरा धरून बसलेल्या अ‍ॅपचं नाव येईल. आयफोनवर आयओएस १४ पासून हिरवा ठिपका कॅमेऱ्याचा, केशरी माइकचा.

ठिपका नजरेतून सुटला तरी नोंद उरते. अँड्रॉइडवर सेटिंग्जमध्ये गोपनीयता, मग गोपनीयता डॅशबोर्ड, मग कॅमेरा. गेल्या २४ तासांत कोणत्या अ‍ॅपने किती वाजता कॅमेरा वापरला, ते तिथे ओळीने दिसतं. तुम्ही झोपेत होतात त्या वेळची नोंद आधी बघा. टॉर्चच्या अ‍ॅपकडे कॅमेऱ्याची परवानगी असेल तर सरळ काढून घ्या. अँड्रॉइड ६ पासून नुसता फ्लॅश पेटवायला ती लागतच नाही. बाकीच्यांना ‘प्रत्येक वेळी विचारा’वर ठेवा.

अँड्रॉइड ९ पासून मागे निपचित पडलेल्या अ‍ॅपला कॅमेरा मिळत नाही. म्हणून हेरगिरीची अ‍ॅपं ‘सिस्टम सर्व्हिस’सारखं साळसूद नाव घेतात आणि अ‍ॅक्सेसिबिलिटीचा आडोसा धरतात; ही अपंगांच्या सोयीची सेटिंग, ती चालू केली की अ‍ॅपला स्क्रीन वाचता येते. ती फोनवर येतात बहुधा दोनच वाटांनी: व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली चलानची किंवा लग्नपत्रिकेची एपीके (अ‍ॅप टाकण्याची) फाइल, नाहीतर तुमचा पिन माहीत असलेलं घरातलंच माणूस. दुसरी वाट लोक मनावर घेत नाहीत, पण पिन बदलण्यापासूनच सुरुवात करायला हवी.

अ‍ॅक्सेसिबिलिटीत अनोळखी नाव चालू दिसलं तर बंद करा. अ‍ॅप काढायला गेलात आणि ‘अनइंस्टॉल’ फिकट दिसलं, तर त्याने बहुधा डिव्हाइस अ‍ॅडमिनचा हक्क घेतलेला असतो. सेटिंग्जच्या शोधपट्टीत ‘अ‍ॅडमिन’ टाका, त्या नावाचा हक्क काढा, मग अनइंस्टॉल करा. तरीही अडलं तर सेफ मोडमध्ये (त्यात बाहेरून टाकलेली अ‍ॅपं चालत नाहीत) फोन सुरू करून हेच करा. शेवटी प्ले प्रोटेक्ट (प्ले स्टोअरमधला गूगलचा अ‍ॅप-तपासनीस) चालू आहे ना, ते पाहा. असली अ‍ॅपं टाकताना ते बहुतेकदा बंद केलेलं असतं.

पण जवळच्याच माणसावर संशय असेल तर काढण्याची घाई नको. अ‍ॅप गेल्याचं त्याला लगेच कळू शकतं. आधी दुसऱ्या फोनने स्क्रीनचे फोटो घ्या, सायबर पोलिसांना दाखवायला तेच कामी येतात.

कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावलीत तर चित्र थांबेल, माइक मात्र ऐकत राहील.