रेड अलर्ट आणि उधाण एकाच दिवशी आले तर: सोसायटीची तयारी

ठाणे खाडीच्या दोन्ही काठांवर पाणी तुंबायला एकटा पाऊस कारणीभूत नसतो. ओहोटीत पडलेली जोरदार सर नाल्यातून खाडीत उतरते. तीच सर भरतीत पडली, तर नाल्याला उतरायला जागाच नसते. मुंबईच्या जुन्या पर्जन्यवाहिन्या ताशी 25 मिमी पावसासाठी होत्या, आणि तेही ओहोटी धरून. नवी मुंबईत भरावाच्या जमिनीसाठी सिडकोने धारण तलाव बांधले. भरतीत झडप बंद होते, पावसाचे पाणी तलावात थांबते आणि ओहोटीला खाडीत जाते. तलावात गाळ आणि खारफुटी वाढली, की तेवढी साठवण कमी होते.

म्हणून आधी भरती बघा, मग अलर्ट. भरतीचे तक्ते मोबाइलवर मिळतात, पण नेट गेले तरी कालनिर्णय भिंतीवर असतोच. तिथीची पाऊणपट करा, तेवढ्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावस्येला सव्वाअकरा. कृष्ण पक्षात पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचे. दुसरी भरती साधारण साडेबारा तासांनी. खाडीत आत ती जरा उशिरा पोहोचते, त्यामुळे अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे धरा. उधाणाची भरती पौर्णिमा-अमावस्येपासून पुढचे दोन-तीन दिवस असते, म्हणजे आपल्याकडे ती दुपारी आणि मध्यरात्री बारा ते दोनच्या सुमारास येते. तक्त्यात भरतीच्या उंचीचा साडेचार मीटरच्या पुढचा आकडा दिसला, तर त्याच्या आधीचे आणि नंतरचे दोन-दोन तास जोखमीचे.

हवामान खात्याचा आकडा 24 तासांचा असतो, सकाळी साडेआठ ते साडेआठ: 64.5 मिमीपासून मुसळधार, 115.6 पासून अति मुसळधार, 204.4 च्या वर अत्यंत मुसळधार. पाऊस कोणत्या तासात कोसळणार, हे त्यावरून कळत नाही. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिमी नोंदला गेला, त्यातला बहुतेक दुपारनंतरच्या काही तासांत. तेव्हा तासाचा पाऊस गच्चीवर स्वतः मोजा. दोन लिटरच्या, सरळ अंगाच्या बाटलीचा वरचा भाग कापून उलटा बसवा, म्हणजे नरसाळे होते. बुड खडबडीत असते, म्हणून सरळ भागापर्यंत खडी आणि पाणी भरून तिथे शून्याची खूण करा. पुढे मिलिमीटरची पट्टी चिकटवा. बाटली पाण्याच्या टाकीच्या किंवा कठड्याच्या आडोशाला ठेवली, तर आकडा कमी येतो. ती उघड्यावर, फरशीपासून फूटभर उंच बांधा, नाहीतर उडालेले शिंतोडे आत जातात. एक मिमी म्हणजे चौरस मीटरला एक लिटर. 400 चौरस मीटरच्या गच्चीवर 30 मिमी पडला, तर 12,000 लिटर पाणी तुमच्याच आवारात उतरते.

भरतीला दोन तास उरलेत आणि तासाला 25 मिमीच्या वर पडतोय, एवढे जमले की पाणी दिसायची वाट बघू नका. गाड्या वर काढा. लिफ्ट दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावर नेऊन बंद करा, कारण खड्ड्यात पाणी भरते. मीटर रूमचा मुख्य स्विच कोरड्या पायांनी, पाणी पोहोचण्याआधीच पाडायचा. पाणी शिरल्यावर तिथे कोणीही जायचे नाही, वॉचमनही नाही. तळमजल्याच्या संडासातून मैला उलटा वर येतो. जाड प्लास्टिक पिशवीत रेती भरून भांड्यात आणि न्हाणीच्या जाळीवर दाबून ठेवा. विटावा रेल्वे पुलाखालून ‘जाईल गाडी’ म्हणून घालू नका. बंद पडलेली गाडी पुन्हा स्टार्ट केली, की इंजिनाने ओढलेले पाणी कनेक्टिंग रॉड वाकवते, आणि मग खर्च मोठा.

सगळ्यात दुर्लक्षित असते ती जमिनीखालची टाकी. झाकणाची कड फरशीला समतल असेल, तर पावसाआधी किमान फूटभर उंच विटांचा कठडा बांधून घ्या. गटाराचे पाणी आत गेल्याची शंका जरी आली, तरी पंप बंद करा, नाहीतर तेच वरच्या टाकीत चढते. टाकी रिकामी करून घासा, भरा, आणि ताजी ब्लीचिंग पावडर हजार लिटरला अडीच ग्रॅम टाका: आधी बादलीत कालवून, गाळ खाली बसू द्यायचा आणि वरचे निवळ पाणी ओतायचे. तासभर थांबून मगच वापर. पाणी गढूळ असेल तर क्लोरीन मातीतच संपते, आणि उघड्या डब्यातल्या जुन्या पावडरीत तो उरलेलाच नसतो. पायाला जखम असताना तुंबलेल्या पाण्यातून चालावे लागलेल्यांनी लेप्टोसाठी (लेप्टोस्पायरोसिस) 72 तासांच्या आत डॉक्टरांना दाखवावे, ताप येण्याची वाट न बघता.